अळणी डांगर

तिरुनागेश्वरमला देव दोन. एक नागनाथस्वामी. तिथं राहूचं ठाणं आहे, आणि राहुकाळात राहूला दुधाचा अभिषेक केला की अंगावरून ओघळणारं दूध निळं दिसतं म्हणून लांबलांबून माणसं येतात. दुसरा देव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, उप्पिलिअप्पन. हा विष्णू, आळवारांनी गायलेल्या १०८ दिव्यदेशांपैकी एक. याच्या मुदपाकखान्यात मीठ जात नाही. पोंगल असो, चिंचेचा भात असो, दहीभात असो, नैवेद्य बिनमिठाचा. देवळात शिरताना जवळ मीठ असू नये, असंही तिथले लोक बजावतात. राहूकडं माणसं काहीतरी टळावं म्हणून जातात. उप्पिलिअप्पनकडं जाणारी बरीचशी लग्न जमावं, संसार टिकावा म्हणून जातात. पहिल्याची कीर्ती मोठी, पण गोष्ट दुसऱ्याची चांगली. ती पुढं येईलच.

आपल्या गोष्टीतलं कुटुंब सहा-सात किलोमीटरवरच्या कुंभकोणमचं. तंजावरी मराठी, तमिळ शेजारी त्यांना रायर म्हणतात. एकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, तेव्हा आणि त्यानंतर जे कारकून, शिलेदार, कीर्तनकार आणि आचारी कावेरीकाठी उतरले ते काही परत गेले नाहीत. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले, कंपनीनं राज्य खालसा केलं, तरी माणसं राहिली. मराठी शाळा नाही, मराठी वर्तमानपत्र नाही. शाळेत तमिळ, कचेरीत इंग्रजी आणि चुलीपाशी मराठी अशी वाटणी करून त्यांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या.

घरातले आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. पाहुणा आला की पहिली कॉफी संपायच्या आत ते सर टी. माधवरावांवर येत. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमला जन्मले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, आणि ते आपले, म्हणजे तंजावरी मराठी. यातलं एक अक्षरही खोटं नाही, त्यामुळं पाहुण्याला ऐकून घ्यावंच लागे. मागच्या सुट्टीत त्यांनी नऊ वर्षांच्या नातीला तंजावरला नेलं होतं, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख दाखवायला. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथं दगडात खोदवून घेतला आहे. ऊन रणरणतं, पाय अनवाणी, फरशी तापलेली. पोरगी या पायावरून त्या पायावर नाचत होती आणि आजोबा म्हणत होते, "वाच." तिनं चार अक्षरं लावली, पाचव्याला अडखळली. "मराठ्याची पोर आणि मराठी वाचता येत नाही!" आजोबा म्हणाले. ते मोठ्यानं म्हणाले. शेजारी चेन्नईची एक सहल उभी होती.

आजोबांनी स्वतः तो लेख कुठवर वाचलाय, हे कोणी विचारलं नाही. घराण्याची मोडीतली कागदपत्रं माळ्यावरच्या पेटीत आहेत, ती त्यांच्या वडिलांनाही लागत नव्हती. आणि आजी वाणसामानाची यादी मराठीत करतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. तरीही शिलालेखानं ऊर भरून येतो, तो का येऊ नये? फक्त त्यानं पोरं वाढत नाहीत, एवढंच.

नातीला घरात चिन्नी म्हणत. शाळा चेन्नईत, मैत्रिणी तमिळ, बाप कुंभकोणमचा आणि आई पुण्याची. त्यातून आई मराठी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं काम घरी बसून करायची. आता विचार करा.

सुट्टीला कुंभकोणमला आली की चिन्नी स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "आजी, मला पाल दे, अप्पुरम मी खाली खेळायला जाते."

"पाल काय ग? दूध म्हण. आणि अप्पुरम नाही, मग. तमिळ उंबऱ्याबाहेर."

"दूध दे. मग जाते."

एवढ्यावर भागलं असतं. पण दुपारी आजी लाडात येऊन विचारायच्या, "काय करूलालीस ग, पोरी?" आणि पोरगी शहाणी, कानानं ऐकलेलं उचलणारी, म्हणायची, "चित्र काढूलाले."

लगेच आतल्या खोलीतून आईचा आवाज. "काढतेय, चिन्नी. काढूलाले असं काही नसतं."

आजींच्या हातातलं कॉफीचं फिल्टर तसंच राहिलं. "तीनशे वर्षं नसलेलंच बोलतोय म्हणायचं आम्ही," त्या फिल्टरला म्हणाल्या. सूनबाईंना ते ऐकू गेलं. ऐकू जावं अशाच बेतानं म्हटलेलं होतं.

कोणाचंच वाईट चिंतलेलं नव्हतं. आजींना भीती होती ती आपल्यानंतर या घरात मराठी बोलायला कोणी उरणार नाही याची. तशी घरं त्यांच्या नात्यात होती. आजोबा गेले, आजी गेल्या, आणि पुढच्या दिवाळीला फोनवर सगळे तमिळमध्ये शुभेच्छा देऊ लागले. सूनबाईंना भीती होती ती मुलीचं मराठी ना धड इकडचं ना धड तिकडचं होईल याची. दोघी आपापल्या परीनं एकच रोप जपत होत्या आणि दोघींच्या हातात कात्री होती.

चिन्नीनं मग स्वतःपुरता मार्ग काढला. आजीशी तमिळ, आईशी इंग्रजी. तमिळमध्ये आजी चुका काढत नव्हत्या, इंग्रजीत आई फारसं लक्ष घालत नव्हती. मराठी राहिली फक्त सहा महिन्यांच्या धाकट्या भावापुरती. त्याच्या पाळण्याशी बसून ती पाल, दूध, करूलाले, करतेय असं सगळं एकत्र बोलायची, कारण तो तपासत नसे.

त्या मे महिन्यात सगळी मंडळी कुंभकोणमला जमली ती या धाकट्याच्या उष्टावणासाठी. आणि आल्या आल्या मिठावरून जुंपली.

घरात मिठाचं प्रकरण आधीच धुमसत होतं. आजोबांचा रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षाही कमी मीठ पुरे म्हणते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. आजोबांचा तेवढा कोटा सकाळच्या लोणच्यातच संपायचा. म्हणून आजी त्यांचं सांबार वेगळं काढायच्या आणि ते पहिल्या घासाला "अळणी" म्हणून पान पुढं सारायचे. रोज. जणू आजी मुद्दाम करत होत्या.

आता सूनबाई म्हणाल्या, बाळाला वर्षाचा होईपर्यंत वरून मीठ द्यायचं नाही, बालरोगतज्ज्ञांनी सांगितलंय. एवढ्याशा मूत्रपिंडांना ते झेपत नाही, लागतं तेवढं आईच्या दुधातून मिळतं.

"तुझ्या नवऱ्याला मी सहाव्या महिन्यात मीठ-तूप-भातच भरवला," आजी म्हणाल्या. "झाला की इंजिनिअर."

"आई, तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

सूनबाईंचं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असण्याचाही एक सूर असतो, आणि तो मुद्रितशोधकाचा होता. आजोबांनी तर ज्यांच्यामुळं आपलं मीठ गेलं त्या डॉक्टरजातीवर सूड म्हणून आजींची बाजू घेतली. "बिचाऱ्या पोराला पहिल्याच घासाला शिक्षा कशाला?"

शेवटी आजींच्या मुलानं तोड काढली. उष्टावण तिरुनागेश्वरमला करू, उप्पिलिअप्पनच्या देवळात, तिथल्या प्रसादानं. देवाचाच प्रसाद म्हटल्यावर आजींना मीठ मागता येईना, आणि बिनमिठाचा म्हटल्यावर सूनबाईंना नाही म्हणता येईना. दोन्ही दरबारांत बसून दोघांनाही खूश ठेवायची कला तंजावरी माणसाच्या रक्तात आहे म्हणतात. इथं ती दिसली.

सकाळी लवकर निघाले. गाभाऱ्यात उंचापुरा उभा देव, एका बाजूला गुडघ्यावर बसलेली भूमिदेवी, दुसऱ्या बाजूला तिचा बाप मार्कंडेय ऋषी. बापासकट असलेलं जोडपं देवळांत क्वचितच बघायला मिळतं. दर्शन झालं, पोंगलचे द्रोण घेऊन मंडळी मंडपात खांबाला टेकून बसली. पुण्याचा मामा आला नव्हता, म्हणून मान आजोबांकडं आला. त्यांनी दोन शितं बोटांत चुरली, तुपाचा लेप तेवढा राहिला, आणि बाळाच्या ओठाला लावली. बाळानं जीभ फिरवली, भुवया वर नेल्या, क्षणभर विचार केला आणि चिमणीसारखा आ केला. आजोबांनी आणखी लावलं. पुन्हा आ.

आजी बघत होत्या. मीठ नसल्याची तक्रार त्या चेहऱ्यावर कुठं नव्हती. त्याला मीठ ठाऊकच नव्हतं.

इकडं आजोबांनी स्वतःचा द्रोण चाटून पुसून दुसरा हातात घेतला होता. "अमृत!" ते म्हणाले.

"घरी हेच वाढलं की तोंड वाकडं होतं," आजी म्हणाल्या.

"घरचं कुठं, देवाचं कुठं."

चिन्नी खांबाआडून भूमिदेवीकडं बघत होती. ती एकदम म्हणाली, "आज्जा, देव उप्पु का खात नाही?"

आजींचे ओठ उघडले. मीठ म्हण, एवढं बाहेर पडणारच होतं, पण आजोबा पोंगलनं प्रसन्न झालेले. त्यांनी गोष्ट सुरूही केली. मार्कंडेय ऋषींनी लक्ष्मी आपली लेक व्हावी म्हणून तप केलं. त्यांना तुळशीखाली एक मूल सापडलं. ती मुलगी, म्हणजे ही भूमिदेवी, मोठी होत होती तेवढ्यात एक दिवस एक म्हातारा दारात आला, पार वाकलेला, आणि म्हणाला, तुझी मुलगी मला दे. ऋषी गडबडले. नाही म्हणावं तर म्हातारा जीव द्यायला निघाला. मग त्यांनी सबब काढली: माझी पोर लहान आहे हो, तिला स्वयंपाकात मीठ किती घालायचं तेसुद्धा कळत नाही. म्हातारा म्हणाला, काही हरकत नाही, ती करेल ते मी बिनमिठाचं खाईन. तेव्हा ऋषींना कळलं हा कोण आहे ते. त्यांनी मुलगी दिली, पण कबूल करून घेतलं की हिला सोडून कुठं जायचं नाही. "म्हणून इथला देव उत्सवालासुद्धा एकटा बाहेर पडत नाही. नेहमी जोडीनं."

चिन्नीनं डोळे बारीक केले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ती एवढं लांब मराठी बोलली. "मग रोज तीच सादम करत होती? आणि तो कधीच उप्पु मागितला नाही? आणि अप्पुरम ती... ती मोठी झालं तेव्हा, तिला शिकलं का मीठ घालायला?"

"मोठी झाली," सूनबाई बाळाचं तोंड पुसत म्हणाल्या. "आणि 'ती शिकली का' असं म्हणतात, राजा."

त्या प्रेमानं म्हणाल्या. आवाजही चढलेला नव्हता. आजींच्या मात्र ते अगदी समोर घडलं: पोरीचा चेहरा आधी उजळलेला, मग डोळ्यांतलं कुतूहल आत गेलं, खालचा ओठ जरा दुमडला, आणि ती पुन्हा खांबाआड. "नथिंग," ती म्हणाली. आजोबांचं उत्तर तोंडाशी आलेलं, पण आता विचारणारं कोणी नव्हतं.

हे आजींनी शंभरदा स्वतः केलं असेल. पण करणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही. त्याचं लक्ष चुकीवर असतं. दुसऱ्यानं केलं तेव्हा दिसला. सुनेवर रागवावं असं पहिल्यांदा त्यांना वाटलं, आणि लगेच रागवायला तोंड राहिलं नाही हेही कळलं. परतीच्या वाटेवर रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आजोबांना वाटलं, ऊन लागलं असेल.

दोन दिवसांनी दुपारी पुरणपोळीचा घाट होता. दोघी मोठ्या बायका पुरणात अडकलेल्या. चिन्नी ओट्याशी घुटमळत होती. आजी म्हणाल्या, "डांगर करशील?"

डांगर तंजावरी मराठी घरांतून आजही होतं. तिकडं त्याला डांगर पचडी म्हणतात. उडदाची डाळ खमंग भाजून दळलेलं पीठ घट्ट ताकात कालवायचं, मिरची, कोथिंबीर, मीठ, वरून हिंग-मोहरीची फोडणी. विस्तव लागतो तो फोडणीपुरता, म्हणजे पोराच्या हाती द्यायला याच्याइतका निर्धोक पदार्थ नाही. कसं करायचं ते आजींनी एकदा सांगितलं आणि पाठ वळवली. पाठ वळवणं त्यांना जड गेलं.

चिन्नीनं पीठ ताकात एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या. चमच्यानं मोडेनात, तेव्हा तिनं हात घातला आणि एकेक गुठळी अंगठ्यानं भांड्याच्या कडेला चिरडत बसली. जीभ दातांत धरलेली, नाकाला पीठ. कोथिंबीर कात्रीनं कापली. मिरची वाटीभर ताकात बुडवून बाजूला ठेवली, का ते तिलाच ठाऊक. आजींनी फोडणी केली, भांड्यावर ओतली, चर्र झालं. मिठाची बरणी वरच्या फळीवर होती, आणि फळीला हात पुरेल एवढी चिन्नी नव्हती, तिनं स्टूलही घेतलेलं नव्हतं. आजींच्या ते लगेच ध्यानात आलं. हात आपसूक फळीकडं गेला. मग त्यांनी बरणी तशीच मागं सरकवली, पापडांच्या डब्याआड.

पानं मांडली. डांगर चिन्नीनं स्वतः वाढलं, प्रत्येकाला डावभर, आजोबांना दोन. पहिला घास सूनबाईंनी घेतला. त्यांची नजर आपोआप पानाच्या डाव्या टोकाच्या मिठाकडं गेली, चिमूटही उचलली. समोर आजी सावकाश डांगर खात होत्या. एक घास, दुसरा. सूनबाईंकडं बघून त्यांनी मान किंचित हलवली. सूनबाईंनी चिमूट परत टाकली.

आजोबांनी बोट चाटलं. या घरात गेल्या वर्षभरात 'अळणी' हा शब्द पहिल्या घासाला आला नाही, असं आज पहिल्यांदा होत होतं. "आणखी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे!" चिन्नी धावली.

"कसं केलंस ते सांग तरी," आजी म्हणाल्या.

आणि तिनं सांगितलं. पीठ पोट्टु ताक घातलं ते कसं सगळं कट्टी कट्टी झालं, अप्पुरम हातानं मोडलं, मिरची ताकात ठेवली म्हणजे तिची तिखटपणा खाली जाते, कात्री वापरली कारण सुरी देत नाही कोणी, आणि आजी फोडणी करूलाली तेव्हा ती कशी लांब उभी राहिली. दोन भाषा, तीन लिंगं, क्रियापदं आपापल्या मनाला येईल तिथं. पाच मिनिटं ती थांबली नाही. मुलगा पानावरून डोळे वर न करता ऐकत होता. आजींनी भाताचा घास तोंडात ठेवला, म्हणजे तोंड बंद राहावं.

"आणि गुठळ्या मोडेपर्यंत अनू काय करूलाला होता?" सूनबाईंनी विचारलं. अनू म्हणजे पाळण्यातला धाकटा.

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजी पोळीवर तूप वाढत होत्या, त्यांनी धार जरा जास्तच सोडली.

"झोपूलाला होता," चिन्नी म्हणाली आणि अखेर स्वतःच्या पानावर बसली. पहिला घास घेतला. थांबली. सगळ्यांच्या पानांकडं बघितलं, रिकाम्या, पुसलेल्या.

"अय्यो! उप्पेच नाही यात! मीठच नाही! तुम्ही कोणी सांगितलं नाही?"

"मला कळलंच नाही," आजोबा म्हणाले. ते खोटं होतं आणि सगळ्यांना कळलं. चिन्नी स्टूल ओढत फळीकडं निघाली, तसं त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "मला नको हं. पन्नास वर्षांत या घरात पहिल्यांदा सगळे माझ्यासारखं जेवलेत."

बरणी पापडांच्या डब्याआड का गेली, याची चौकशी चिन्नीनं बराच वेळ केली. कोणी काही सांगेना.

दुसऱ्या दिवशी तिनं डांगर पुन्हा केलं, कोणी न सांगता. मीठ घालायला विसरू नये म्हणून पीठ कालवतानाच घातलं, आणि घातलंय हे विसरून फोडणीनंतर पुन्हा घातलं. आजोबांना त्यांच्या रक्तदाबाच्या नावाखाली त्यातून सूट मिळाली. आजी आणि सूनबाईंनी आपापली वाटी संपवली, आणि संध्याकाळपर्यंत दोघी मिळून माठातलं अर्धं पाणी पिऊन बसल्या.